ओहमच्या सूत्रातून गळालेले अक्षर

१/
दर उन्हाळ्यात वीजदरवाढीची बातमी येते आणि तिच्या पाठोपाठ एक ठरलेला आरोपी हजर केला जातो : शेतीपंप. शेतकरी वीज बेसुमार वापरतो आणि त्याचा भुर्दंड शहरातल्या प्रामाणिक ग्राहकाला बसतो, असे हे आरोपपत्र असते. ‘बेसुमार’ हा शब्द येथे फार नेमका पडला आहे. शुमार म्हणजे गणती, आणि बेसुमार म्हणजे जिची गणती नाही ती. महाराष्ट्रातील शेतीपंपांच्या मोठ्या भागाची गणती अनेक दशके झालीच नाही. जे मोजले नाही ते ‘फार आहे’ असे म्हणता येते कसे, हा या धाग्याचा विषय आहे.

२/
प्रश्न राजकारणाचा वाटतो, पण त्याचे मूळ आठवी-दहावीच्या विज्ञानात आहे. विद्युतदाब आणि विद्युतप्रवाह या दोन गोष्टी मोजल्या की बाकीचे दोन आकडे हाती येतात. दाबाला प्रवाहाने भागले की रोध. दाबाला प्रवाहाने गुणले की शक्ती. शक्तीला तासांनी गुणले की युनिट. एक भागाकार, दोन गुणाकार. महाराष्ट्राच्या शेतीविजेचा सगळा वाद या तीन क्रियांच्या पलीकडे जात नाही. त्या करण्यासाठी लागणारी दोन वाचने मात्र कोणी घ्यायची, यावर पन्नास वर्षे गेली.

३/
ही दोन वाचने मिळवणे एके काळी खरोखरच कठीण होते. इंग्लंडमधील हेन्री कॅव्हेंडिश याने १७८१ च्या सुमारास निरनिराळ्या द्रावणांचा रोध ताडून पाहिला, तो स्वतःच्या शरीरातून विजेचा झटका जाऊ देऊन. दोन झटके सारख्याच जोराचे वाटले की दोन्ही मार्गांचा रोध सारखा. प्रवाहमापक नव्हता, म्हणून माणूसच प्रवाहमापक झाला. त्याने हे निष्कर्ष छापले नाहीत. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने त्याची टिपणे संपादित करून १८७९ मध्ये प्रसिद्ध केली, तोवर तो नियम दुसऱ्याच्या नावावर रूढ झाला होता.

४/
तो दुसरा म्हणजे गेऑर्ग ओहम. १७८९ मध्ये एर्लांगेन येथे कुलुपे बनवणाऱ्याच्या घरी जन्मलेला आणि पुढे कोलोन येथील शाळेत गणित व भौतिकी शिकवणारा मास्तर. त्याची पहिली अडचण अगदी भंडारा जिल्ह्यातील शेतकऱ्याची होती : दाब टिकत नव्हता. त्या काळच्या बॅटऱ्यांतून प्रवाह घेऊ लागले की दाब खाली यायचा, आणि मग सुई हलली ती तारेमुळे की बॅटरीमुळे हे कळेना. पोगेनडॉर्फ या संपादक-शास्त्रज्ञाने त्याला बॅटरी सोडून उष्णतेवर चालणारी तांबे-बिस्मथची जोडी वापरण्याचा सल्ला दिला. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. पाणी उकळते आहे आणि बर्फ वितळते आहे तोवर दाब हलत नाही.

५/
मग ओहमने एकाच जाडीच्या, वेगवेगळ्या लांबीच्या आठ तांब्याच्या तारा एकामागून एक लावल्या आणि चुंबकसुईवरून प्रवाह मोजला. १८२६ मध्ये त्याने जे सूत्र मांडले ते पाठ्यपुस्तकातल्या सूत्रासारखे दिसत नाही. ते असे होते :

प्रवाह = अ ÷ (ब + क्ष)

यातला क्ष म्हणजे तपासायच्या तारेची लांबी. अ म्हणजे उगमाचा जोर. आणि ब? ब म्हणजे तपासायची तार सोडून त्या मंडलात उरलेल्या सगळ्याचा रोध : उगमाचा स्वतःचा, जोडण्यांचा, मधल्या वाटेचा.

६/
या ‘ब’कडे लक्ष असू द्यावे. शाळेत शिकवताना तो गळतो. फळ्यावर बॅटरी काढली जाते, एक रोध काढला जातो, आणि बॅटरीपासून रोधापर्यंतची रेघ ही निव्वळ रेघ असते. तिला रोध नसतो. विद्यार्थी त्रिकोणात बोट ठेवून दाब झाकतो, प्रवाह झाकतो, उत्तर लिहितो, गुण घेतो. प्रयोगशाळेच्या टेबलावर ही सूट चालते, कारण तार वीतभर असते. पण डीपीपासून शेवटच्या विहिरीपर्यंतची तार वीतभर नसते. ओहमने कष्टाने पकडलेली गोष्ट आपल्या शिक्षणाने सोपेपणाच्या नावाखाली टाकून दिली, आणि पुढे राज्याच्या वीज हिशेबातही नेमके तेच अक्षर गहाळ झाले.

७/
(ओहमचे पुढे काय झाले? १८२७ मध्ये त्याचे पुस्तक निघाले. जर्मनीत त्याचे स्वागत इतके थंड झाले की त्याने कोलोनची नोकरी सोडली. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोपली पदक दिले. म्युनिक विद्यापीठात पूर्ण प्राध्यापकपद मिळाले ते १८५२ मध्ये, मृत्यूच्या दोन वर्षे आधी. मोजणाऱ्या माणसाची कदर उशिरा होते, ही काही महाराष्ट्राची खासियत नव्हे.)

८/
दुसरा धागा जेम्स जूलचा. १८४० च्या अखेरीस त्याने दाखवले की तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात असते. प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट. प्रवाह तिप्पट, तर नऊपट. वीज दूर न्यायची तर प्रवाह कमी ठेवला पाहिजे, आणि तेवढीच शक्ती कमी प्रवाहात न्यायची तर दाब वाढवला पाहिजे. उच्चदाब वाहिन्यांचे सारे शास्त्र एवढ्यात सामावले आहे.

महाराष्ट्राने हे शास्त्र फार लवकर आत्मसात केले. १९१५ मध्ये टाटांच्या खोपोली जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांकडे वीज निघाली, ती सुमारे १ लाख व्होल्ट दाबाने. गिरणीमालकाच्या वाटेतला ‘ब’ किती असावा याचा हिशेब त्या काळी चोख झाला होता.

९/
आता आंधळगावाकडे या. भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका. कोशाच्या हातमागासाठी मोहाडी आणि आंधळगाव ही नावे विदर्भाबाहेरही घेतली जातात. भोवताली धानाच्या बांध्या, पावसाळ्यात रोवणी, आणि जिथे विहीर, बोअर वा नदी साथ देते तिथे उन्हाळी धान.

या टापूला वीज दुरून येते म्हणून दाब कमी, असे कोणी सांगितले तर ते ऐकून घेऊ नये. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातील तिरोड्याला ३,३०० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प उभा आहे, आणि तिरोडा १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होते. नागपूरपलीकडच्या कोराडी आणि खापरखेड्याची धुराडी तर त्याहून जुनी. विजेचा उगम अंगणात आहे. तोटा शेवटच्या किलोमीटरात आहे.

१०/
तो किती, हे पाहण्यासाठी एक काल्पनिक पण अगदी साधे मंडल घ्यावे. आंधळगावच्या शिवारात एक डीपी आहे. तिथून ४१५ व्होल्टची तीन-फेज लघुदाब वाहिनी १ किलोमीटर जाते, आणि तिच्या टोकाला ५ अश्वशक्तीचे पाच पंप आहेत. वाहिनीच्या प्रत्येक तारेचा रोध १ ओहम धरू. ग्रामीण भागात वापरल्या जाणाऱ्या बारीक ॲल्युमिनियमच्या तारांसाठी हा आकडा अतिशयोक्त नाही.

११/
५ अश्वशक्ती म्हणजे ५ × ७४६ = ३,७३० वॅट. पण ही मोटारीच्या दांड्यावर मिळणारी शक्ती. मोटारीची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर आत सुमारे ४,६६० वॅट जावे लागतात. तीन-फेज मोटारीत शक्ती = १.७३२ × दाब × प्रवाह × शक्तिगुणक. शक्तिगुणक ०.८ धरला तर प्रवाह साधारण ८ अँपिअर येतो.

येथे एक सावधगिरी. समाजमाध्यमांवर ४१५ गुणिले ८ करून ‘मोटार एवढे वॅट खाते’ असे लिहिणारे आणि ४१५ भागिले ८ करून ‘मोटारीचा रोध’ सांगणारे पुष्कळ भेटतात. दोन्ही उत्तरे चूक आहेत. फिरणारी मोटार स्वतःच उलट दाब निर्माण करते. तिच्या वेटोळ्यांचा खरा रोध या भागाकारापेक्षा पुष्कळच कमी असतो. म्हणून तर मोटार अडकली, फिरेनाशी झाली, की प्रवाह पाच-सहा पटींवर जातो आणि वेटोळे जळते.

१२/
पाच पंप म्हणजे ४० अँपिअर. आता ओहम : ४० × १ = ४० व्होल्ट प्रत्येक तारेतच खर्च. आणि जूल : ४० चा वर्ग १,६००, गुणिले १ ओहम, गुणिले तीन तारा = ४,८०० वॅट.

एका पंपाला लागत होते ४,६६० वॅट. म्हणजे पाच पंपांच्या वाहिनीवर एक सहावा पंप चालू आहे. तो कोणाच्या बांधीत नाही, त्याला विहीर नाही, त्याचे पाणी कोणत्याही धानाला मिळत नाही. तो तारेत आहे. हाच ओहमचा ‘ब’.

१३/
हा सहावा पंप बसवला कोणी? पाच शेतकऱ्यांनी नव्हे. डीपी कुठे उभारायची, तार किती जाड टाकायची, एका डीपीवर किती जोडण्या द्यायच्या, हे निर्णय वीज मंडळाचे आणि पुढे महावितरणचे. डीपी अर्ध्या अंतरावर आणली तर रोध निम्मा होतो. एकाऐवजी दोन वाहिन्या केल्या तर प्रत्येकीतला प्रवाह निम्मा आणि प्रत्येकीतला तोटा चौथाई. शेतकऱ्याच्या हातात एकच गोष्ट आहे : कपॅसिटर. तो लावून शक्तिगुणक ०.९५ वर नेला तर प्रवाह ८ वरून सुमारे ६.८ अँपिअरवर येतो आणि तारेतला तोटा ४,८०० वरून साडेतीन हजार वॅटच्या खाली जातो. हे त्याने करावे. पण त्यानंतरही जो साडेतीन हजार उरतो तो त्याचा नाही.

१४/
आणि दाब पडल्याचा दंड मात्र त्यालाच. दिवा आणि मोटार कमी दाबाला अगदी उलट रीतीने तोंड देतात, आणि हा फरक सूत्रे पाठ करून कळत नाही.

जुना ६० वॅटचा पिवळा दिवा घ्या. २३० व्होल्टवर त्याचा रोध २३० × २३० ÷ ६० = सुमारे ८८२ ओहम. दाब १६० झाला तर त्याच रोधाने हिशेब येतो २९ वॅट. प्रत्यक्षात तो थोडा अधिक खातो, कारण तंतू थंड झाला की त्याचा रोध उतरतो. ओहमचा नियम तापमान कायम असताना लागू, हे वाक्य परीक्षेत लिहून सगळे विसरतात. पण प्रकाश? तो एक-तृतीयांशाच्याही खाली येतो. रेशमाच्या बारीक तारेवर नजर लावून बसणाऱ्या विणकराने अर्ध्याहून अधिक वीज वापरून तिसऱ्या हिश्श्याएवढाही उजेड मिळवला नाही, अशी संध्याकाळ या भागाने वर्षानुवर्षे काढली आहे.

१५/
मोटार गप्प बसून कमी खात नाही. तिच्यावर पाण्याचा भार आहे, तो ओढण्यासाठी ती जवळपास तेवढीच शक्ती मागते. दाब ४१५ वरून ३२० वर आला तर ८ अँपिअरचा प्रवाह साडेदहाच्या आसपास जातो. वेटोळ्यातली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते : सुमारे पावणेदोन पट. त्याच वेळी तिचा पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, दाबाच्या वर्गाने घटतो : सुमारे ६० टक्क्यांवर. उष्णता वाढली, जोर उतरला. आणि वाढलेला प्रवाह पुन्हा त्याच तारेतून येत असल्याने दाब आणखी पडतो. एका पंपाच्या तक्रारीतून दुसऱ्या पंपाचा दाब बिघडतो. रिवायंडिंगच्या दुकानासमोर ऐन हंगामात मोटारींची रांग लागते ती या वर्गामुळे.

त्या रिवायंडिंगचा खर्च कोणत्याही अनुदानाच्या तक्त्यात दिसत नाही.

१६/
आता या मंडलावर हिशेब कसा ठेवला गेला ते पाहावे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्राने शेतीपंपांसाठी अश्वशक्तीवर आधारित ठोक दर आणला. मीटर नाही, वाचन नाही. पंप किती अश्वशक्तीचा, तेवढे पैसे. बाजू मांडायची तर मांडता येते : १९७२ चा दुष्काळ ताजा होता, गावोगाव जोडण्या द्यायच्या होत्या, शिवारात हिंडून मीटर वाचणे खर्चिक होते.

१७/
पण अश्वशक्ती म्हणजे काय? जेम्स वॅटने अठराव्या शतकात आपली वाफेची यंत्रे विकण्यासाठी काढलेले एकक. ज्या गिरणीत घोडे जुंपले जात त्या मालकाला सांगायचे, की हे यंत्र इतक्या घोड्यांचे काम करील. ते यंत्राच्या क्षमतेचे माप आहे, विक्रेत्याचे माप आहे. यंत्राने काल किती काम केले हे त्यातून कळत नाही. पाच अश्वशक्तीचा पंप वीज नसताना शून्य वॅट खातो आणि तरीही पाचच अश्वशक्तीचा राहतो.

तुलनेसाठी : एडिसनने १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीट केंद्रातून वीज विकायला घेतली, तेव्हा आजच्यासारखे मीटर नव्हते. म्हणून त्याने ग्राहकाकडे द्रावणात बुडवलेल्या जस्ताच्या पट्ट्या ठेवल्या. प्रवाह गेला तेवढे जस्त एका पट्टीवरून दुसरीवर सरकायचे. माणूस जाऊन पट्ट्या आणायचा, तराजूत तोलायचा, आणि वजनावरून बिल निघायचे. तराजूने वीज तोलणाऱ्यांना जे जमले ते जवळपास शतकानंतर एका प्रगत राज्याने सोडून दिले.

१८/
ठोक दराचा खरा दुष्परिणाम शेतकऱ्याच्या बिलावर झाला नाही, तो मंडळाच्या वह्यांवर झाला. सरळ वजाबाकी आहे. केंद्रांतून निघालेली वीज मोजलेली आहे. कारखाने, दुकाने, घरे यांची वीज मोजलेली आहे. उरलेली वीज दोन ठिकाणी गेली असणार : शेतीपंपांत, किंवा तोट्यात. तोटा म्हणजे तारेतली उष्णता अधिक चोरी. शेतीपंपाला मीटर नसेल तर ही उरलेली वीज दोन खात्यांत कशी वाटायची?

वाटणाऱ्याच्या मर्जीने. अश्वशक्तीला तासांनी गुणायचे. तास जास्त धरले की शेतीचा वापर जास्त दिसतो आणि तोटा कमी. कार्यक्षमतेचे प्रशस्तिपत्र मंडळाला, उधळेपणाचा ठपका शेतकऱ्याला. तारेतला सहावा पंप कागदावर पाचही शेतकऱ्यांत वाटून टाकला गेला.

१९/
हा संशय नाही, हे नोंदीवर आले आहे. राज्य वीज मंडळ वर्षानुवर्षे आपली पारेषण-वितरण हानी १५ ते १८ टक्क्यांच्या आसपास सांगत होते. १९९९ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोग स्थापन झाला, सुनावण्या जाहीर होऊ लागल्या, पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेच्या ऊर्जा गटासारख्या अभ्यासकांनी शेतीच्या आकड्यांवर बोट ठेवले, आणि हानीचा आकडा ३० टक्क्यांच्या पुढे सरकला. तारा एका रात्रीत जुन्या झाल्या नव्हत्या. वजाबाकी पहिल्यांदा चारचौघांत करावी लागली, एवढेच.

२०/
तेव्हा तरी धडा घेतला जायला हवा होता. वीज कायदा २००३ च्या कलम ५५ ने सांगितले की, दोन वर्षांनंतर योग्य मीटरशिवाय कोणालाही वीज देऊ नये. आयोगाला मुदतवाढीचा अधिकार होता आणि तो दरवाजा उघडाच राहिला. पुढे आयोगाच्या दरपत्रकात मीटर नसलेल्या पंपांसाठी विभागांची विभागणी झाली ती अश्वशक्तीमागे वर्षाला १,३१८ तास या सीमारेषेवर.

१,३१८. आकडा अचूक दिसतो, दशकस्थानी आणि एककस्थानीही भरलेला. या आकड्याने ५ अश्वशक्तीचा पंप वर्षाला किती युनिट खातो? प्लेटवरची अश्वशक्ती जशीच्या तशी गुणली तर सुमारे ४,९०० युनिट. मोटारीची ८० टक्के कार्यक्षमता लक्षात घेतली तर सुमारे ६,१००. दांड्यावरची शक्ती मोजायची की तारेतून आत जाणारी, एवढ्या एका प्रश्नावर एका पंपामागे वर्षाला १,२०० युनिट हलतात. १,३१८ मधला ८ मग कोणासाठी लिहायचा?

२१/
हाच वाद दीड दशकानंतर पुन्हा उभा राहिला. शेतीच्या वीजवापराची शहानिशा करण्यासाठी राज्याने समिती नेमली, मुंबईच्या आयआयटीने फीडरवरच्या वाचनांवरून अभ्यास केला, आणि निष्कर्षाची दिशा तीच निघाली : शेतीच्या नावावर दाखवलेली वीज प्रत्यक्षाहून अधिक. २०२० च्या बहुवार्षिक दर आदेशात आयोगाने शेतीचा आकडा खाली आणला आणि वितरणहानीचा वर नेला. वीस वर्षांत एकच चूक दोनदा, तीही एकाच बाजूला झुकलेली. यादृच्छिक चुका दोन्ही बाजूंना होतात, हे मोजमाप शिकवणारे पहिल्या तासाला सांगतात.

२२/
प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकले पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. आकडे टाकून वीज घेतली जाते. प्लेटवर ५ लिहिलेली मोटार आतून साडेसातची करून घेतली जाते. दाब पडतो तो या अघोषित भारामुळेही पडतो, आणि त्याचा त्रास आधी शेजारच्या शेतकऱ्यालाच होतो. हे सगळे खरे.

पण हे पकडायचे कशाने? अश्वशक्तीच्या नोंदवहीने तर नाहीच, कारण लबाडी तिच्यातच लिहिली आहे. तारेला चिमटा-मीटर लावून प्रवाह पाहिला, दाब पाहिला, की साडेसातची मोटार पाचची म्हणून लपत नाही. चोरीचा मुद्दा मीटर न बसवण्याच्या बाजूने मांडला जातो, हे अजब आहे. चोरांचा सुळसुळाट आहे म्हणून तिजोरीतली रक्कम मोजू नये, असे कोणता सावकार म्हणेल?

२३/
दुसरा आक्षेप : लक्षावधी विहिरींवर मीटर बसवून ते वाचणार कोण? वाचू नका. डीपीवर एक मीटर बसवा. शिवारातले पाच, दहा, वीस पंप त्यावर एकत्र मोजले जातील. त्याच वाहिनीच्या टोकाला वर्षातून काही दिवस दाब आणि प्रवाह नोंदवा. सुरुवातीचा दाब वजा टोकाचा दाब, भागिले प्रवाह : तारेचा रोध हाती आला. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध : तारेतला तोटा हाती आला. डीपीवरच्या आकड्यातून तो वजा केला की पंपांचा खरा वापर. आंधळगावच्या शाळेतला दहावीचा विद्यार्थी हे गणित सोडवू शकतो. गावठाण आणि शेतीचे फीडर वेगळे करण्याची योजना राज्याने याआधीच राबवली आहे, म्हणजे वरच्या टोकाचा अर्धा हिशेब तयार आहे.

२४/
आता ही घाई कशासाठी? एप्रिल २०२४ पासून मुख्यमंत्री बळीराजा वीज सवलत योजनेखाली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज आहे. योजना मार्च २०२९ पर्यंत जाहीर झाली आहे. शेतकऱ्याचे बिल शून्य झाले, आणि बिल शून्य झाल्यावर त्यातल्या युनिटांचा आकडा पाहणारे एकमेव डोळेही त्यावरून उठले. पूर्वी निदान ‘एवढे कसे आले’ म्हणून कोणी कार्यालयात भांडायला जायचा. आता भांडायला कारण नाही.

पैसे मात्र थांबलेले नाहीत. ते शासनाच्या तिजोरीतून वितरण कंपनीकडे जातात, शेतकऱ्याच्या नावावर मांडलेल्या युनिटांसाठी. युनिट जितके अधिक, अनुदान तितके अधिक, आणि हानी तितकी कमी दिसते. जो मोजतो त्यालाच फुगवण्यात फायदा आणि ज्याच्या नावावर मांडले त्याला तपासण्यात काही मिळत नाही, अशी हिशेबपद्धती कोणत्याही सहकारी पतसंस्थेच्या लेखापरीक्षकाने पहिल्याच पानावर लाल केली असती.

२५/
विदर्भातल्या शेतकऱ्याने या पाच वर्षांत एक गोष्ट स्वतःहून करावी. मोटारीच्या पेटीवर व्होल्टमीटर आणि अँमीटर बहुधा असतोच. रोवणीच्या वेळी आणि उन्हाळी धानाच्या ऐन पाण्याच्या वेळी, पंप सुरू झाल्यावर दोन्ही काट्यांची जागा तारीख-वेळेसह वहीत लिहावी. शेजारच्या चार पंपांचीही लिहावी. ग्रामसभेत ती वही ठेवावी आणि दरवाढीच्या जाहीर सुनावणीत तिची प्रत द्यावी. आयोगापुढे कोणालाही हरकत नोंदवता येते, त्यासाठी वकील लागत नाही.

१,३१८ तासांच्या समोर ठेवायला त्या वहीत निदान एक खरे वाचन असेल : दाब ३२०, प्रवाह साडेदहा, मोटार तापलेली, वेळ पहाटे ३.